खराटा माझ्या हातात होता

आमच्या कॉलनीत गेली सात वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत अकरा वर्षं भाड्यानं राहिलेले गुरुजी घर सोडून मौद्याला मुलाकडे निघाले. त्यांची गाडी चौकातून वळायच्या आत सफाईवाल्या बाईनं त्यांच्या पाठीमागं केर काढला. पंधराव्या दिवशी गुरुजी गेले.

गोष्ट सांगणारा इथं थांबतो आणि ऐकणारा मान हलवतो. माणूस घरातून निघाला की तो नजरेआड होईपर्यंत झाडू उचलायचा नाही, ही आपल्याकडची रीत दोघांनाही ठाऊक असते. माणूस उंबऱ्याबाहेर पडल्यावर लगेच झाडू फिरतो तो फक्त तिरडी उचलल्यावर.

या गोष्टीतली एक बाब खोटी आहे. केर त्या बाईंनी काढला नाही. खराटा माझ्या हातात होता. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. हे एवढंसं वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली, आणि तेही मी आपणहून लिहिलेलं नाही. ते कसं घडलं तेच सांगायचं आहे.

सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून मी निवृत्त झालो, त्याच वर्षी शेजारचे गृहस्थ कायमचे पुण्याला गेले आणि घराची चाबी माझ्याकडे देऊन गेले. नवा भाडेकरू आला की घर दाखवायचं, जुना गेला की साफ करून घ्यायचं, एवढंच काम होतं. बघता बघता अशा नऊ घरांच्या चाब्या आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यांवर लटकू लागल्या. दोन मोठे बंगले, बाकी दोन-तीन खोल्यांची घरं. पत्नी म्हणायची, "साहेब निवृत्त झाले अन् नऊ घरांचे चौकीदार झाले." एकदा मी पुण्याला फोन करून कळवलं की भाडेकरूनं घर खाली केलं. फोन शेजाऱ्यांच्या पुणेकर सुनेनं उचलला होता. ती घाबरून म्हणाली, "खाली केलं म्हणजे? पाडलं की काय?" आम्ही नागपूरकर रिकाम्याला खाली म्हणतो हे त्या बिचारीला कुठून माहीत असणार!

खाली घर साफ करणं म्हणजे झाडून पुसून घेणं, अशी माझी समजूत होती. ती बाईंनी पहिल्याच घरात खोटी ठरवली. त्या आमच्याकडे आणि कॉलनीतल्या आणखी चार घरी धुण्याभांड्याला होत्या. नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत त्यांचं घर होतं. तेव्हा मी त्यांना अगं-तुगं करत असे. नंतर कधीतरी ते सुटलं. नेमकं कधी, ते आठवत नाही. आठवायला हवं होतं.

खाली घरात शिरल्यावर त्या आधी कशालाही हात लावत नसत. हात मागे बांधून एकदा सगळ्या खोल्यांतून फिरून येत. मग गरम पाणी, धुण्याचा सोडा, जुन्या बनियानी आणि पत्र्याची एक पट्टी एवढं मागत. शेगडीच्या वरच्या टाइल्सवर वर्षानुवर्षांच्या फोडणीचा डिंकासारखा चिकट थर बसलेला असे. त्यावर त्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेली वर्तमानपत्रं चिकटवत आणि ती तशीच ठेवून कूलरकडे वळत. नागपुरात भाडेकरूचा खरा मळ कूलरमध्ये सापडतो. उन्हाळाभर बोअरचं पाणी फिरून टाकीच्या तळाशी चुन्यासारखे पापुद्रे बसतात आणि खिडकीखाली भिंतीवर पांढरे ओघळ उतरतात. मी एकदा ॲसिडची बाटली आणून दिली.

"हे ठेवा तुमच्यापाशीच," त्या म्हणाल्या. "ॲसिडनं पाच मिनिटांत होते, काकाजी. पण मंग टाकीचा पत्राबी जाते."

लिंबाची सालं आणि व्हिनेगर घेऊन त्यांनी दोन तास ती टाकी घासली.

मोठ्या बंगल्याला जास्त वेळ लागेल असा माझा हिशोब असे, आणि तो दर वेळी चुके. बंगल्यातल्या निम्म्या खोल्यांत नुसती धूळ असायची. दोन खोल्यांच्या घरात मात्र भिंतीचा वीतभर तुकडासुद्धा न वापरलेला नसे. कुठं डोकं टेकल्याचा तेलकट डाग, कुठं दिव्याच्या बटणाभोवती बोटांचा काळा गोल, कुठं पलंग लावून लावून गेलेला रंग. "लहान घर जास्त मळते," बाई म्हणत. "तिथं लोक खरोखर राह्यतात." मी आयुष्यभर फायली वाचल्या, पण घर वाचायला त्यांच्याकडून शिकलो. त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

जाणारे भाडेकरू एक गोष्ट हमखास मागे ठेवून जात: भिंतीवरची देवांची जुनी कॅलेंडरं. नेववत नाहीत आणि फेकवतही नाहीत. बाई ती काळजीपूर्वक खिळ्यावरून काढत, वरची धूळ पुसत आणि गुंडाळी माझ्या हातात देत. "घ्या काकाजी, तुमचे देव तुम्ही पाहा. आमच्याकडून निरोप समारंभ झाला त्यायचा." आमच्या माळ्यावर अशा गुंडाळ्यांचा ढीग झाला होता. पत्नी वैतागायची आणि हसायचीही.

गुरुजी निघाले तो मे महिन्यातला दिवस होता. सामानाचा ट्रक सकाळीच गेला होता. मुलगा मौद्याच्या वीज केंद्रात नोकरीला, तो गाडी घेऊन आई-वडिलांना न्यायला आला होता. गुरुजींचं हृदय आधीच अशक्त झालं होतं. चार पावलं चालले की ते थांबत. वहिनींनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, रिकाम्या घराला हळद-कुंकू वाहिलं, सगळ्यांच्या हातावर दही दिलं. बाईंच्याही हातावर दिलं. बाई तेव्हा हातात झाडू घेऊन ओट्यावर उभ्या होत्या. हा तपशील पुढं महत्त्वाचा ठरला.

नवे भाडेकरू बाराला सामान घेऊन येणार होते. साडेदहा वाजून गेले होते. गाडी फाटकाबाहेर पडली, तसं मी बाईंना म्हणालो, "चल, लाग कामाला."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि त्या पायरीवर बसल्या. "गाडी चौकातून वळू द्या, काकाजी."

"तू मानतेस का हे सगळं?"

"मी कायले मानू? आजोबानं दीक्षा घेतली तवाच आमच्या घरातून शकुन-अपशकुन गेला. पण वहिनी मानतात ना. त्यायनं मांगं वळून पाह्यलं तर त्यायले किती लागन?"

"बारा वाजता ट्रक येणार आहे."

"दोन मिनिटं लागते गाडीले वळाले."

मला ही त्यांची अरेरावी वाटली. मी स्वतःला सुधारक समजत होतो. कचेरीत मी अशा गोष्टींची टिंगल करत असे. अंगणातला खराटा मी उचलला, आणि घरापासून सुरुवात न करता सरळ फाटकाकडून सुरुवात केली. ट्रक उभा होता तिथं गवताचे, पुठ्ठ्याचे तुकडे पसरले होते. दोन-तीन फटकाऱ्यांत मी ते अर्ध्या उघड्या फाटकातून रस्त्यावर लोटले. मेमधली कोरडी माती. धुळीचा लोट उठला.

गाडी गेली नव्हती. गुरुजींना पाणी हवं होतं म्हणून ती चौकाच्या अलीकडे थांबली होती. मी फाटकातून डोकावलो तेव्हा मला गाडीची मागची काच आणि तिच्यात वळलेला वहिनींचा चेहरा दिसला. मी झटकन मागे झालो. आमची कंपाउंडची भिंत उंच आहे. वहिनींना धूळ दिसली असेल, खराट्याचं टोक दिसलं असेल. मी दिसलो नसेन, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

बाई पायरीवरून बघत होत्या. उठल्या आणि गरम पाणी मागितलं.

पंधरा दिवसांनी गुरुजी गेले ते त्यांच्या हृदयानं गेले. डॉक्टरांनी वर्षभर आधीच सांगून ठेवलं होतं. पण दुःखातल्या माणसाला कारण लागतं, आणि वहिनींना ते गाडीच्या काचेतून दिसलं होतं. त्यांनी आमच्या शेजारणीला फोनवर सांगितलं, शेजारणीनं बाकीच्यांना. दुधाच्या केंद्रावर ते माझ्यापर्यंत पोचलं. एक जण म्हणाले, "त्या लोकांना आपल्या चालीरीती काय माहीत!" मी म्हणालो, "अहो, अंधश्रद्धा आहे ही सगळी. झाडूनं कोणी मरत नाही." लोकांना मी फार समजूतदार वाटलो. मलाही मी तसाच वाटलो. झाडूनं कोणी मरत नसेल, तर तो कोणाच्या हातात होता हे सांगायची गरजच काय, असा माझा युक्तिवाद होता. भित्र्या माणसाला सुधारकपणाइतका चांगला आडोसा दुसरा मिळणार नाही.

घरी मात्र पत्नीनं सरळ विचारलं, "झाडलं कोणी?"

मी खरं सांगितलं.

"मग जा आणि सांगून या."

"लोकांचं काय, चार दिवसांत विसरतील."

ती म्हणाली, "लोक विसरतील. ती कशी विसरेल?" त्यावर ती पुन्हा कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आज ती नाही.

चार दिवसांत कोणी विसरलं नाही. बाईंना कोणी भांडून काढलं नाही. सध्या नको, पुढच्या महिन्यात बघू, असं करत एकेक घर सुटलं. एक दिवस आमच्याकडे भांडी घासता घासता त्यांनी विचारलं, "काकाजी, तुम्ही सांगितलं का लोकायले?"

"सांगितलं ना. म्हटलं, हे सगळं खोटं असतं."

"ते नाही विचारलं मी."

नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला नाही, मीही केला नाही. थोड्या वेळानं त्या पुन्हा भांडी घासू लागल्या. पुढच्या खाली घराच्या वेळी मालकांचा निरोप आला, या खेपेला दुसरी बाई बघा. आणि मी दुसरी बाई बघितली. सगळ्यात मोठा अपराध कोणता म्हणाल, तर मी हाच म्हणेन. महिन्याअखेरीस बाईंनी आमचंही काम सोडलं आणि त्या शहराच्या दक्षिणेकडे नव्या फ्लॅट्सच्या बाजूला कामं धरायला लागल्या.

यंदा एक मोठा बंगला खाली झाला. त्यात तीन वर्षं एका कंपनीचे लोक राहत होते. घराची दशा पाहून दोन सफाईवाले दारातूनच परत गेले. संडासाच्या फरशीचा रंग ओळखू येत नव्हता. पाच कूलर होते आणि पाचही टाक्या दगडासारख्या झाल्या होत्या. कोणीतरी एक नंबर दिला: खाली घरं साफ करणाऱ्या बायकांचा गट आहे, काम चोख करतात. मी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "बोला काकाजी." त्यांनी माझा नंबर अजून ठेवला होता.

मी पत्ता सांगितला. त्या म्हणाल्या, "पत्ता कायले सांगता? माहीत आहे मले."

त्या आल्या, सोबत चार बायका, त्यांतली एक त्यांची सून. हात मागे बांधून त्यांनी पूर्वीसारखाच सगळ्या खोल्यांतून फेरा मारला. केस पांढरे झाले होते. कंपनीचा शेवटचा माणूस त्याच वेळी बॅग घेऊन निघाला होता आणि टॅक्सीत बसत होता. सुनेनं व्हरांड्यात झाडू टेकवला, तोच बाई म्हणाल्या, "थांब वं. जाऊ दे त्याची गाडी."

"काहून आत्या? तो कोण मानणारा लागून गेला?"

"थांब म्हटलं ना. एकदा माझ्यावर आलं होतं."

"ते गुरुजीचं? मंग खरंच तुम्ही झाडलं होतं का?"

मी आत हॉलमध्ये होतो. बाईंना ते माहीत होतं. "कोणी झाडलं ते सोड," त्या म्हणाल्या. "झाडू खाली ठेव."

म्हणजे सात वर्षांत त्यांनी घरच्या सुनेलाही माझं नाव सांगितलं नव्हतं. मी हॉलमधल्या खिडकीच्या कट्ट्यावर बसलो. संध्याकाळी बायका हातपाय धूत होत्या तेव्हा मी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही का सांगितलं नाही, की मी झाडलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो राग होता. सात वर्षं सांभाळून ठेवलेला, अगदी व्यवस्थित राग. "माझं कोणी ऐकलं असतं? म्हटले असते, काकाजीवर ढकलून राहिली. तुम्ही सांगितलं असतं तर ऐकलं असतं. म्हणून मी वाट पाह्यली. मंग वाट पाहणं सोडून देलं."

"घरीसुद्धा नाही सांगितलं?"

"घरी सांगून काय? पोरगा तुमच्या दारात येऊन भांडला असता. म्हातारी होती ना घरात तुमच्या. तिनं माझं काही वाईट केलं नव्हतं."

म्हातारी म्हणजे माझी पत्नी.

मी माफी मागू लागलो, तर त्यांनी हात आडवा केला. "मले नका सांगू. मले माहीत आहे. ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा."

त्याच आठवड्यात मी एसटीनं मौद्याला गेलो. वहिनी खूप थकल्या आहेत. त्यांना वाटलं मी भेटायला आलो. त्यांनी खुर्ची पुढं केली, पत्नीची चौकशी केली. ती गेल्याचं त्यांना कळलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. आता बोललो नाही तर चहा पिऊन परत जाईन, हे मला दिसत होतं. मी बसलोच नाही. उभ्यानंच सांगितलं.

वहिनींनी पुढं केलेली खुर्ची मागे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "मला खराटा दिसला होता, भाऊजी. हात नव्हता दिसला."

"हो."

"तिच्या हातावर दही दिलं होतं मी. सात वर्षं म्हणत आले, जिला दही दिलं तिनंच असं केलं." मग त्या चिडल्या. मला त्या चिडलेल्या बऱ्या वाटल्या. "आणि तुम्ही दुधाच्या केंद्रावर उभं राहून मोठे सांगता, अंधश्रद्धा आहे म्हणून! मला वाटलं, बाप्पा, केवढा समजूतदार माणूस!"



नंतर त्यांनी मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. गाडीत गुरुजींनाही ती धूळ दिसली होती. ते हसले होते. म्हणाले होते, "अकरा वर्षांची धूळ आहे, एवढी तर उडेलच." वहिनींनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. "त्यांना काहीच वाटलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "वाटलं ते मला." त्यांनी माझ्याकडून बाईंचा नंबर एका पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून घेतला आणि माझ्यासमोरच आमच्या शेजारणीला फोन लावला. मला आत चहा ठेवायला पाठवलं. साखर कुठं आहे ते ओरडून सांगितलं. एवढं रागावल्यावरही त्यांनी मला घरातला माणूस म्हणून कामाला लावलं, याचं मला फार बरं वाटलं.

वहिनी आणि बाई यांच्यात फोनवर काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दोघींपैकी कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फक्त पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला, "बंगल्याचं राह्यलेलं काम आज संपते. या."

मी गेलो. हॉलची फरशी धुऊन झाली होती. सोड्याचा आणि ओल्या चुन्याचा वास येत होता. पाचही कूलर गच्चीवर उपडे वाळत होते. बाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. "काकाजीले काही सांगायचं आहे."

मी सांगितलं. घाई होती, त्या थांबा म्हणाल्या, मी थांबलो नाही, खराटा मी मारला, आणि नाव त्यांचं होऊ दिलं. चौघी जणी हातात फडकी धरून ऐकत होत्या. कॉलनीत हे आता सगळीकडे पसरलं होतं, तरी या खोलीत ते बोलणं मौद्याहून अवघड गेलं.

सुनेनं विचारलं, "मंग काकाजी, तुम्ही इतके वर्षं काय करून राहिले होते?"

"भिऊन राहिलो होतो," मी म्हणालो.

"कोणाले?"

मी विचार केला. दुधाच्या केंद्रावरच्या चार माणसांना. दुसरं नाव मला सुचलं नाही आणि मी तेच सांगितलं. एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. सुनेला हसू आलं नाही. "आमच्या आत्याचे पाच घरं गेले त्याच्यात," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "लिहूनही देतो."

"द्याच," बाई मधेच म्हणाल्या. "बोललेलं उडून जाते. कागदावर लिहा, न् छापता आलं तर छापा. माझं नाव नका टाकू. तुमचंही नका टाकू, तुम्हाले भेव वाटते." पुन्हा हशा झाला, या वेळी मीही त्यात होतो. मग त्या स्वयंपाकघराकडे वळल्या, सोड्यात भिजलेली वर्तमानपत्रं टाइल्सवरून सोलायला लागल्या आणि तिथून म्हणाल्या, "झालं ना सांगून? मंग सहा चहा सांगा चौकात. एक बिनसाखरेचा, मले शुगर झाली."

मी ओल्या फरशीच्या कडेकडेनं बाहेर पडलो आणि चौकातल्या टपरीवर जाऊन सहा चहा सांगितले.